कुंदाताईंच्या दोनशे ओळी

कुंदाताईंनी मला पहिल्यांदा हाक मारली ती एका स्टिकरसाठी. भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आमच्या इमारतीत मी राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. दुपारी बाजारातून परत येत होते. समोरच्या घराचं दार उघडं होतं आणि दारात साठीच्या आसपासच्या एक बाई उभ्या होत्या. अंगावर सुती साडी, बारीक केस, आणि दोन्ही हातांवर एक बंद लॅपटॉप आडवा धरलेला.

"नवीन आलेल्या ना तुम्ही? चपलांचा आवाज नवा आहे," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं डोळे देता का? याच्यावर प्रोसेसरच्या नावाचं स्टिकर असेल. अक्षर न अक्षर वाचून दाखवा. शेवटचे आकडे विशेष."

तोपर्यंत मला कळलं नव्हतं की त्यांना दिसत नाही. मी वाचून दाखवलं. त्या ऐकत होत्या, आणि शेवटचा आकडा ऐकल्यावर त्यांनी नाक मुरडलं. "फसवलं माझ्या विद्यार्थ्याला," म्हणाल्या, "दुकानदाराने दुसरंच सांगितलं होतं." मग मला आत बोलावून चहा केला. गॅस पेटवण्यापासून कप पुसण्यापर्यंत एकदाही चाचपडल्या नाहीत. मीच मध्ये मध्ये "मी करते ना" असं म्हणत राहिले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही बसा. तुम्ही मध्ये आलात की माझं घर हलतं."

कुंदा घाणेकर मूळच्या संगमेश्वरकडच्या. पाचव्या वर्षी गोवर आला आणि त्यात डोळे गेले. मुंबईत अंधशाळेत शिकल्या आणि एका बँकेच्या मुख्य कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर झाल्या. लग्न केलं नाही. भायखळ्याची भाड्याची खोली सुटल्यावर भाईंदरला हे छोटं घर घेतलं. गावाकडे एक धाकटा भाऊ, दर रविवारी त्याचा फोन. एवढीच माहिती त्यांनी स्वतःहून दिली, तीही चार-पाच महिन्यांत तुकड्या-तुकड्याने. मात्र संगणकाबद्दल त्या पहिल्याच दिवशी तासभर बोलल्या.

त्याचं कारण पुढे कळलं. बँकेत फोन आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि ऑपरेटरची गरज संपली. नोकरी काढून घेतली नाही, फक्त काम काढून घेतलं. सकाळी सही करायची आणि खुर्चीत बसायचं. मग कुणा भल्या साहेबाला वाटलं की बाईंना संगणक द्यावा. संगणक आला. पण पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्यात घातलेलं नव्हतं, ते घ्यायचं तर वेगळी मंजुरी लागणार होती. ती मंजुरी यायला दोन वर्षं गेली. "दोन वर्षं मी रोज सकाळी त्याच्यावरची धूळ पुसली," ताई सांगायच्या. "शिपाई म्हणायचा, मॅडम, तुमचा टीव्ही सगळ्यात स्वच्छ." हे सांगताना त्या हसायच्या, पण ऐकणाऱ्याला हसता येत नसे. शेवटी सॉफ्टवेअर आलं, संगणक बोलू लागला, आणि ताई बेचाळिसाव्या वर्षी त्याच्यासमोर बसून पहिलीपासून शिकल्या. निवृत्त झाल्यावर घरीच अंध मुलामुलींना शिकवू लागल्या. गुरुवारी आणि रविवारी सकाळी त्यांच्या हॉलमध्ये चार-पाच जणं बसलेली असत आणि चार-पाच यंत्रं एकदम बोलत असत. मला माझ्या घरात तो गलका ऐकू यायचा. मी घरून मराठी मजकूर टाइप करून द्यायचं काम करते. हळूहळू मला त्या गलक्याशिवाय रविवार सुना वाटायला लागला.

त्यांना एकाच गोष्टीचा राग यायचा. बटण दाबल्यापासून यंत्र बोलू लागेपर्यंत जो वेळ जातो, त्याचा. एकदा मी म्हटलं, "ताई, सगळ्यांचेच लॅपटॉप मध्येच अडकतात. आम्ही थांबतो."

"तुम्ही थांबता कारण तुम्हाला ते गोल फिरताना दिसतं," त्या म्हणाल्या. "मला काही दिसत नाही. मला नुसतं काही ऐकू येत नाही. ऑपरेटर होते तेव्हा लाईनवर माणूस गप्प झाला, तरी तो आहे की गेला हे श्वासावरून कळायचं. याला श्वास नाही. तो विचार करतोय की मेलाय, हे मला कसं कळणार?"

यंत्र अडकलं की त्या हाताचा तळवा त्याच्या पोटाखाली घालायच्या आणि गरम लागतंय का बघायच्या. मुलांनाही तेच शिकवलं होतं.

त्यांच्या मुलांमध्ये प्रणाली होती. वरसाव्याची मुलगी, जन्मापासून न दिसणारी, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. वडील घोडबंदर रोडवर टेम्पो चालवायचे आणि जमेल तेव्हा तिला सोडून जायचे, नाहीतर ती एकटी बसने यायची. घरच्या बोलीत बोलायची, आणि बोलताना लाजायची नाही. प्रणालीला एकच हट्ट होता, की परीक्षेचा पेपर स्वतः लिहायचा.

अंध मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो. मूल सांगतं, तो लिहितो. पहिल्या वर्षी प्रणालीला एक शाळकरी मुलगी लेखनिक मिळाली होती. समाजशास्त्राचं उत्तर प्रणालीने सांगितलं तसं तिने लिहिलं नाही, लांबलचक वाक्यं तिला झेपेनात म्हणून आपल्या मनाने आखूड करून लिहिलं. प्रणालीला हे कसं कळणार? मार्क कमी आले तेव्हा तिने उत्तरपत्रिकेची प्रत मागवली आणि ती मी तिला वाचून दाखवली. अर्ध्या पानात ती म्हणाली, "यो मी सांगलेलाच न्हाय." मी पुढे वाचत राहिले. ताई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्या दिवशीच ठरलं की पुढची परीक्षा प्रणाली लॅपटॉपवर स्वतः देणार. स्वतः टाइप करायचं, यंत्राकडून वाचून घ्यायचं, छापील प्रत द्यायची. कॉलेजची परवानगी मिळवायला ताई तीनदा जाऊन आल्या. मिळाली.

राहिला प्रश्न लॅपटॉपचा. ताईंचा स्वतःचा संगणक टेबलावरचा, तो उचलून नेता येत नव्हता. त्याच सुमाराला एका मोठ्या संस्थेने अंध विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटायचं ठरवलं होतं. दोन मॉडेलांपैकी एक निवडायचं होतं, आणि ताईंचं नाव या वर्तुळात माहीत असल्यामुळे संस्थेचे पाठारे नावाचे गृहस्थ दोन्ही नमुने त्यांच्या घरी आणून देऊन गेले. "महिनाभर वापरून बघा मॅडम, आणि तुमचं मत द्या," म्हणाले. पाठारे सज्जन माणूस. बूट बाहेर काढून आत आले, पाणी प्यायले, ग्लास स्वतः बेसिनमध्ये ठेवला.

दोन्ही लॅपटॉप छोटे, दिसायला जवळपास सारखे. दोन्हींचे प्रोसेसर कमी विजेवर चालणारे. त्यामुळे आत पंखा नाही, घरघर नाही, बॅटरी दिवसभर पुरणारी. अंध माणसाला असंच यंत्र बरं, कारण पंख्याचा आवाज बोलण्यात मिसळत नाही. एकातला प्रोसेसर दोन वर्षांपूर्वीचा, दुसऱ्यातला अगदी नवा. ताईंनी ब्रेलच्या टेपचे तुकडे कापून जुन्यावर एक ठिपका चिकटवला आणि नव्यावर दोन. तेव्हापासून आमच्या बोलण्यात ते एक ठिपका आणि दोन ठिपके झाले.

"वेबसाइटवर आकडे असतात ना तुलनेचे?" ताई म्हणाल्या. "ते वाच."

मी वाचले. सगळीकडे दोन ठिपके वरचढ होता, जवळजवळ दीडपट.

"छान. आता हे आकडे बाजूला ठेव. माझ्या मुलांना काय लागतं ते मी मोजते."

त्यांनी एक मराठी धडा निवडला, दोनशे ओळींचा. एक बाण दाबायचा, यंत्र ओळ वाचायला सुरुवात करतं, पहिला शब्द ऐकला की पुढचा बाण. अशा दोनशे ओळी. सुरुवातीला आणि शेवटी बोलणाऱ्या घड्याळाला वेळ विचारायची. बाजूला इंटरनेटची दोन पानं उघडी, लिहायचं सॉफ्टवेअर उघडं, म्हणजे परीक्षेत असेल तेवढं ओझं. एकदा सुरुवातीला मोजायचं, एकदा अर्ध्या तासाने, एकदा तासाने. रोज दोन्ही यंत्रांवर. ब्रेलच्या पाटीवर सळईने टोचून आकडे लिहून ठेवायच्या. मला त्यांच्या घरातून ते इतक्यांदा ऐकू आलं की दोनशे ओळींचे पहिले शब्द मला पाठ झाले.

मे महिना होता. एका दुपारी मी डबा द्यायला गेले तर ताई स्वयंपाकघरात दार-खिडकी बंद करून बसलेल्या. पंखा बंद. ब्लाऊज घामाने चिंब, कपाळावरून धारा. समोर दोन्ही लॅपटॉप बोलत होते.

"ताई, हे काय? पंखा लावते."

"लावू नकोस. परीक्षा चाललीय."

"कोणाची?"

"त्यांची. परीक्षेच्या हॉलमध्ये एसी असतो का? तिसऱ्या मजल्यावर पत्र्याखाली बसवतात पोरांना." त्यांनी माझा हात पकडून आधी एका लॅपटॉपखाली धरला, मग दुसऱ्याखाली. एक ठिपका कोमट होता. दोन ठिपके तव्यासारखा. "हा जोरात धावतो आणि तापतो. तापला की स्वतःला वाचवायला स्वतःच हळू होतो. पहिली वीस मिनिटं दोन ठिपक्यांसारखा दुसरा नाही. तासाभराने ओळ वाचायला दोन-दोन, तीन-तीन सेकंद लावतो, कधी पूर्ण गप्प बसतो. हा एक ठिपका आधीपासूनच हळू, पण तासाभरानेही तेवढाच. आमच्या कामाला हा लागतो."

त्यांनी तीन पानांचा अहवाल स्वतः टाइप केला. मी फक्त समास नीट केले. संस्थेच्या अंधेरीच्या कार्यालयात बैठक होती, ताईंनी मला बरोबर नेलं. खोली इतकी थंड होती की मी पदर खांद्यावरून ओढून घेतला. पाठाऱ्यांनी दोन ठिपके सुरू करून दाखवला. तो अप्रतिम बोलत होता, शब्दामागून शब्द, कुठेही अडखळण नाही.

"बघा मॅडम," समितीतले एकजण म्हणाले, "किती फास्ट आहे."

"या खोलीत तो चांगलाच चालेल," ताई म्हणाल्या. "भाईंदरला पंखा बंद करून तासभर चालवा."

"पण आकडे तर वेगळंच सांगतात. आणि तुम्ही हे… म्हणजे, कानानेच मोजलंय ना?"

ताईंनी चेहरा बोलणाऱ्याच्या दिशेने वळवला. "हो. तो कानानेच वापरायचाय."

मला तेव्हा वाटलं की त्या जिंकल्या. घरी येताना रिक्षात मी तसं म्हटलंही. ताई म्हणाल्या, "छे गं. त्यांनी फाईल बंद केली तोपर्यंत एकदाही पान उलटल्याचा आवाज आला नाही. कुणी वाचलीच नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बसवलं. "आता तू डोळ्याने मोज. माझे कान नकोत त्यांना, तुझे डोळे चालतील." मी मोबाईलवरचं स्टॉपवॉच घेऊन त्या बंद स्वयंपाकघरात तीन दुपारी बसले. दोन ठिपक्याच्या पडद्यावर ते गोल फिरताना मी बघत होते आणि शेजारी ताई काहीच नसलेल्या आवाजाकडे कान देऊन बसल्या होत्या. माझे आकडे त्यांच्या आकड्यांशी जुळले, सेकंदाचाही फारसा फरक नाही. आम्ही ते पाठवले. चार दिवसांनी पाठाऱ्यांचा फोन आला. ताईंनी फोन स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, तुमचं अगदी बरोबर असेल. मी नाही म्हणत नाही. पण ज्या कंपनीने देणगी दिलीय त्यांनी नवंच मॉडेल द्यायचं आधीच ठरवलं होतं. ऑर्डर गेलीय. माझ्या हातात काही नाही."

"मग मला कशाला विचारलंत?"

पाठारे म्हणाले, "नियमात आहे मॅडम. वापरणाऱ्याचं मत घ्यायचं असतं." त्यांच्या आवाजात खरी शरम होती. ताई फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "चांगला माणूस आहे बिचारा," आणि दोन्ही यंत्रं पुसून खोक्यात भरून ठेवली.

प्रणालीला दोन ठिपके मिळाला. तिला केवढा आनंद झाला होता. आयुष्यातली पहिली नवी कोरी वस्तू, तिच्या एकटीची. ताईंनी तिला काही सांगितलं नाही. पाठाऱ्यांना फोन करून एक ठिपक्याचा नमुना परीक्षेपुरता मागून पाहिला, पण तो कंपनीकडे परत गेला होता. मग त्या कामाला लागल्या. कोणाला तरी विचारून, शोधून, त्यांनी प्रोसेसरचा वेग मुद्दाम कमी करून ठेवण्याची सोय शोधली. तो धावायलाच नाही लागला तर तापणार कमी. त्याने थोडा फरक पडला. मग म्हणाल्या, खाली धातूचं ताट ठेवलं तर उष्णता खेचून घेईल. आम्ही दोघी स्टेशनजवळच्या भांड्यांच्या दुकानात गेलो.

"मांजी, स्टीलमें बहुत व्हरायटी है," दुकानदार म्हणाला.

"स्टील नहीं. जर्मनका दो. अल्युमिनियम."

"जर्मन तो अब कोई लेता नहीं. भाईंदरमें रहके स्टील को ना बोल रहे हो?"

"स्टील उष्णता खेचत नाही हो," ताई मराठीतच म्हणाल्या आणि समोर आलेलं प्रत्येक ताट गालाला लावून बघू लागल्या. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. चौथं ताट त्यांनी पसंत केलं. ताट उलटं घालून त्यावर लॅपटॉप ठेवला तर आणखी पंधरा-वीस मिनिटं मिळत होती. अडीच तासांच्या पेपरला ते पुरेसं नव्हतं, पण ताईंचं म्हणणं, मिनिट मिनिट जोडायचं. सगळं मिळून दीड-पावणेदोन तास नीट जातील, तोवर प्रणालीचं लिहून झालेलं असेल.

पेपरच्या दिवशी मी दोघींना रिक्षाने घेऊन गेले. परीक्षा नव्या शैक्षणिक वर्षातली, पण उकाडा ऑक्टोबरचा, मेच्या तोडीचा. हॉलच्या दारात पर्यवेक्षकांनी परवानगीचं पत्र पाहिलं, लॅपटॉप पाहिला, आणि मग पिशवीतलं ताट बाहेर काढलं.

"हे काय?"

ताईंनी समजावून सांगितलं. पर्यवेक्षकांनी ताट दोन्ही बाजूंनी उलटून-पालटून उजेडात धरलं.

"काही लिहिलंय का बघत असाल तर," ताई म्हणाल्या, "तिला दिसत नाही."

"मॅडम, मला पटतंय. पण पत्रात फक्त लॅपटॉप लिहिलाय. ताट आत नेऊ दिलं आणि उद्या कुणी विचारलं तर? नियम आहे."

ताईंनी आणखी एकदा सांगून पाहिलं. पर्यवेक्षक चिडले नाहीत, उलट खुर्ची आणून दिली. ताट मात्र बाहेर राहिलं. आम्ही दोघी व्हरांड्यात बसलो. ताईंच्या मांडीवर ते रिकामं ताट होतं आणि येणारी-जाणारी मुलं त्याच्याकडे बघत होती.

आत काय झालं ते प्रणालीने नंतर सांगितलं. पहिला तास छान गेला. मग यंत्र अडखळू लागलं. मग गप्प झालं. तिने बाण दाबला, काही नाही. परत दाबला. शेवटचा शब्द चुकलाय असं वाटलं म्हणून खोडायचं बटण दाबलं, ऐकू काही आलं नाही, म्हणून परत दाबलं, मग दाबूनच धरलं. हात वर केला. पर्यवेक्षक आले, पडद्याकडे बघून म्हणाले, "चालू आहे, फिरतंय. थांब जरा." ती थांबली. यंत्र जागं झालं तेव्हा त्याने तिची आधीची सगळी बटणं एकामागून एक पाळली. तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर पुसून गेलं. तिला ते कळलं पुढच्या वेळी यंत्र बोललं तेव्हा, कारण ते वाचू लागलं ते दुसऱ्याच परिच्छेदातून. नंतर ते दर पाच मिनिटांनी गप्प होत राहिलं. दोन प्रश्न सुटले.

"मना वाटलां मेलाच त्यो," ती बाहेर आल्यावर म्हणाली. "मी हात लावून बगला. हात ठेववत नव्हता."

ताईंनी तिला जवळ घेतलं नाही, समजूतही घातली नाही. "कितव्या मिनिटाला गप्प झाला?" एवढंच विचारलं. मला त्यांचा राग आला.

त्या विषयात प्रणालीला केटी लागली, म्हणजे पुन्हा बसायचं. निकाल लागला त्या आठवड्यात मी ताईंकडे गेले तर त्या प्रणालीचा लॅपटॉप घेऊन पुन्हा त्या बंद स्वयंपाकघरात बसल्या होत्या, दोनशे ओळी मोजत. आता मात्र मला राहवलं नाही.

"कशासाठी, ताई? कळून काय करणार आहात?"

त्यांनी बाण दाबायचं थांबवलं. त्या रडत होत्या हे मला तेव्हा दिसलं. चेहऱ्यावर घाम इतका होता की आधी वेगळं काही कळलंच नव्हतं.

"काही नाही करणार," त्या म्हणाल्या. "मला माहीत होतं, मेधा. मी तिला सांगायला हवं होतं की याच्यावर विसंबू नकोस, लेखनिक घे. ती एवढी खूष होती. मला वाटलं, मी सांभाळून घेईन. एक ताट घेऊन." पदराने चेहरा पुसून म्हणाल्या, "पाठाऱ्यांवर रागावता येईल, त्या पर्यवेक्षकावर रागावता येईल. पण माझ्याकडे आकडे होते ना. माझेच आकडे."

मी पंखा लावला. त्यांनी नको म्हटलं नाही.

पाठाऱ्यांना त्यांनी सगळं लिहून कळवलं. त्यांचं सविस्तर उत्तर आलं, सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने सुधारणा होईल असं. नवी आवृत्ती आली. ताईंनी मोजलं. दोन मिनिटांचा फरक पडला होता. पुढे काही महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यांसाठी आणखी तसेच लॅपटॉप गेले, हे आम्हाला मुलांकडून कळलं. ताईंच्या वर्गात मुलं येत राहिली, त्या शिकवत राहिल्या. फक्त प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगू लागल्या, की यंत्र गप्प झालं तर दहापर्यंत मोज आणि काहीही दाबू नकोस.

त्यानंतरच्या मे महिन्यात ताई गावी गेल्या, कायमच्याच. गुडघे धरले होते, चौथा मजला आणि बिघडलेली लिफ्ट, भावाने ऐकलं नाही. अजून फोन होतो. संगमेश्वरला उन्हाळ्यात वीज फार जाते, त्यामुळे त्यांचा टेबलावरचा संगणक बराच वेळ बंद असतो, असं सांगतात. त्यांच्याबरोबर मी शेवटची बाहेर पडले ती त्या जाण्याच्या आठवडाभर आधी, प्रणालीच्या फेरपरीक्षेच्या दिवशी. या वेळी प्रणालीने लेखनिक घेतला होता. तिनेच ठरवलं. ताई फक्त "बरं" म्हणाल्या होत्या, आणि बरोबर जायचं ठरवलं होतं. मला त्या दिवशी काम द्यायचं होतं, म्हणून मी त्यांना सोडून गेले आणि दुपारी घ्यायला परत आले.

कॉलेजच्या फाटकाशी पोचले तेव्हा ताई कुंपणाच्या कट्ट्यावर उन्हात बसल्या होत्या. वॉचमन त्यांना सावलीत यायला सांगत होता आणि त्या मान हलवत होत्या. तेवढ्यात मुलं बाहेर पडू लागली. प्रणाली काठी टेकत आली आणि ताईंनी तिच्या काठीचा आवाज गर्दीतून ओळखून हात पुढे केला. मी रस्त्याच्या पलीकडे होते. मध्ये टेम्पो आडवा आला, तो हलल्यावर मी जवळ गेले.

"सगळे प्रश्न झाले?" ताई विचारत होत्या.

"झाले. मी सगला सांगला. वेल पन उरला."

"काय लिहिलंय त्याने?"

"मी सांगला तसाच लिवला म्हनतो." प्रणालीने खांदे उडवले. "मना काय म्हाईत, ताई."

ताईंनी मान हलवली. मी आले आहे हे त्यांना कळलं होतं, कारण त्यांनी एक हात माझ्याकडे केला आणि दुसरा प्रणालीच्या खांद्यावर ठेवला. "चल," त्या तिला म्हणाल्या, "कोपऱ्यावर उसाचा रस चांगला मिळतो. बर्फ नको सांगूया." आणि रस्ता ओलांडण्यासाठी त्या दोघी फुटपाथच्या कडेला उभ्या राहिल्या, गाड्या थांबण्याची वाट ऐकत.